जत्रेचा पाळणा आणि कर्जाचे व्याज

थीम पार्क जमीन आणि यंत्रांवर उभे राहते, पण चालते ते पुन्हा यावेसे वाटण्यावर. जमीन आणि यंत्रे ताळेबंदात दिसतात. पुन्हा यावेसे वाटणे तिथे कुठेच दिसत नाही, म्हणून खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला घाव त्यावर बसतो. ‘बाग मोठ्या कंपनीच्या हाती गेली आणि तिची मजा गेली’ ही तक्रार जगभर ऐकू येते, पण ती अर्धीच खरी आहे. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या उद्यानांचा इतिहास पाहिला तर मजा आटण्याचे कारण कंपनी असण्यात कमी आणि बागेचा पैसा कुठे बांधला गेला आहे यात जास्त सापडते.

हा फरक कळण्यासाठी बीड जिल्हा सोयीचा आहे, कारण इथे या उद्यानांच्या तोडीची बाग नाही आणि करमणुकीची जुनी पद्धत अजून शिल्लक आहे. महाशिवरात्रीला परळी वैजनाथ आणि बीड शहरातले कंकालेश्वर, कार्तिकात कपिलधारची मन्मथस्वामींची यात्रा, आणि ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर चैत्र-वैशाखात भरणाऱ्या गावोगावच्या जत्रा. तिथे रहाटपाळणा येतो, ब्रेक डान्स येतो, मौत का कुआँ येतो. पाळण्याचा मालक बहुधा स्वतःच यंत्राजवळ उभा असतो आणि त्याचा संसार मागच्या राहुटीत असतो. गर्दी पातळ असली तर तो चार फेऱ्या जास्त देतो, लेकरू वर जाऊन रडू लागले तर पाळणा थांबवतो. हे तो धर्मादाय म्हणून करत नाही. उद्या हेच लोक भावंडांना घेऊन येतील, हे त्याला समोर दिसत असते. ग्राहक आणि निर्णय घेणारा यांच्यातले अंतर दहा-पंधरा पावलांचे असते.

जत्रेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झिजलेले बोल्ट, उघड्या वायरी आणि दमलेला जनरेटर यांचा मजेशी संबंध नाही, अपघाताशी आहे. सुरक्षिततेच्या बाबतीत मोठ्या उद्यानाने जत्रेला केव्हाच मागे टाकले आहे आणि तिथे हळहळण्यासारखे काही नाही. मात्र जत्रेच्या पाळण्याला एक गोष्ट आपोआप लाभते. त्याच्या खालची जमीन त्याची नसते. ग्रामपंचायतीला किंवा यात्रा कमिटीला जागेचे भाडे दिले की काम संपते. पाळणा काढून त्या जागी इमारत बांधली तर किती पैसे मिळतील, हा प्रश्न पाळणेवाल्यापुढे कधी येत नाही.

मुंबईच्या गोराई बेटावरील एस्सेल वर्ल्डपुढे तो प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. १९८९ साली सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने ते सुरू केले. धान्याचा व्यापार आणि टूथपेस्टच्या ट्यूब बनवणे हा या समूहाचा तेव्हाचा धंदा. १९९२ साली त्याच समूहाने झी टीव्ही सुरू केला. म्हणजे बाग जन्मापासून कंपनीचीच होती, आणि तरीही पहिली काही वर्षे तिची जादू निर्विवाद होती. एक कारण खाडीचे. बहुतेक लोक बोटीतूनच बागेत पोचत, त्यामुळे मजा तिकीटखिडकीच्या आधीच सुरू होई. दुसरे कारण जाहिरातीचे. तिचे गाणे टीव्हीवरून खेड्यापाड्यांत पोचले आणि ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता अशा मराठवाड्यातल्या मुलांनाही ते तोंडपाठ झाले. मुंबईच्या सहलीत राणीच्या बागेसोबत एस्सेल वर्ल्ड असले की सहलीची वर्गणी भरायला घरचे लवकर तयार होत, असे ते दिवस होते.

१९९८ साली शेजारी वॉटर किंगडम हे जलउद्यान उभे राहिले. त्यानंतरच्या काळात समूहाचा विस्तार दूरचित्रवाणी आणि पायाभूत प्रकल्पांच्या दिशेने झाला. यंत्रपाळण्यांची बाग मात्र जुनी होत गेली. करमणुकीचे यंत्र दोन प्रकारे म्हातारे होते. त्याचे सुटे भाग झिजतात हा एक प्रकार, आणि पाहणाऱ्याची नजर पुढे जाते हा दुसरा. पहिल्यावर तेल-पाना चालतो. दुसऱ्यावर नवे पाळणे आणावे लागतात, आणि त्यांचा खर्च मोठा असून परतावा अनेक वर्षांत विभागून येतो. एखाद्या समूहाचा हाच एक धंदा असेल तर तो हा खर्च करतो, कारण त्याला दुसरी वाट नसते. अनेक धंद्यांतला तो एक असेल, तर दरवर्षी त्याला इतर धंद्यांशी स्पर्धा करावी लागते आणि बहुतेक वर्षी तो हरतो. जानेवारी २०१९ मध्ये सुभाष चंद्र यांनी समूहाच्या कर्जसंकटाबद्दल उघड पत्र लिहून कर्जदात्यांची माफी मागितली. पुढे महासाथ आली आणि २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले. मुंबईच्या हद्दीत, समुद्राजवळ, इतकी मोठी मोकळी जमीन पाळण्यांखाली किती काळ राहणार, याचे उत्तर अर्थशास्त्राने आधीच देऊन ठेवले होते. दिल्लीच्या अप्पू घराचेही असेच झाले. १९८४ साली प्रगती मैदानात सुरू झालेली ती बाग २००८ मध्ये उठली आणि जमीन इतर सार्वजनिक कामांकडे गेली. तिथेही जागा महाग होती आणि तेवढे पुरे झाले.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाची कथा वेगळ्या वळणाची आहे आणि या विषयात ती जास्त शिकवणारी आहे. मनमोहन शेट्टी चित्रपटाच्या प्रयोगशाळेतून वर आलेले निर्माते. अॅडलॅब्ज फिल्म्स ही आपली कंपनी त्यांनी अनिल अंबानींच्या रिलायन्सला विकली आणि २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत थीम पार्क उघडले. नुसते पाळणे मांडण्याऐवजी प्रत्येक पाळण्याला गोष्ट द्यायची, हा त्यामागचा विचार होता. ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरची राईड, सलीमगडचा भुताचा वाडा, राजासॉरस या भारतीय डायनासोरची नदीसफर, आणि नायट्रो नावाचा रोलर कोस्टर. भारतीय मुलाला परिचित असलेल्या गोष्टींमधून थरार उभा करण्याचा एवढा मोठा प्रयत्न आधी झाला नव्हता. त्याचे श्रेय शेट्टींना द्यायलाच हवे.

बाग मात्र कर्जावर उभी होती. व्याज वर्षाचे ३६५ दिवस चालते आणि पाळणे तेवढे दिवस भरत नाहीत. पावसाळ्यात गर्दी ओसरते, परीक्षांच्या महिन्यांत घरचे कुणी बाहेर पडत नाही, आणि उरलेल्या वर्षातही खरी गर्दी शनिवार-रविवारची व सुट्ट्यांची. २०१५ साली कंपनीने शेअर बाजारातून पैसा उभारला, पण कर्जाचे ओझे पुरते हलके झाले नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा बागांच्या प्रवेशावर २८ टक्के दर लागला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला खरा, पण कुटुंबाच्या हिशेबात तिकीट महागच राहिले. मग मार्च २०२० आला आणि दरवाजेच बंद झाले.

अशा स्थितीत मजा एका दिवसात जात नाही. ती बारीक बारीक खर्चांतून झिरपून जाते. भिंतींचा रंग एक वर्ष उशिरा लागतो, वेशभूषा करून फिरणारे कलाकार कमी होतात, एखाद्या राईडवर ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी येते आणि ती हटत नाही. त्याच वेळी उत्पन्नाची नवी दारे शोधली जातात. रांग टाळून आत जाण्याचे महागडे तिकीट हे त्यातले सर्वात बोलके. डिस्ने पार्क्समध्ये १९९९ पासून रांग वाचवणारा पास फुकट मिळे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या उद्यानांनी त्याची जागा पैसे भरून घ्यायच्या सोयीला दिली. एकदा रांगच विक्रीला काढली की रांग कमी करण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. जत्रेत सरपंचाचा नातू आणि सालगड्याचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात असे म्हणणे थोडे भाबडे होईल, पण तिथे पुढे घुसण्याचा दर पाटीवर तरी लिहिलेला नसतो.

दुसरे दार खाण्याचे. बहुतेक मोठ्या उद्यानांत घरचा डबा आत नेता येत नाही. बीडहून पहाटे निघालेल्या कुटुंबाने दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली असते, कारण सहल म्हणजे डबा हे समीकरण पक्के आहे. तो दारातच राहतो. कंपनीच्या हिशेबात माणशी उत्पन्नात तिकिटाइतकाच आतल्या खाण्याचाही विचार असतो, त्यामुळे हा नियम समजण्यासारखा आहे. पण चौघांच्या जेवणाचा आकडा पाहून पालक घड्याळाकडे बघू लागतात, आणि पुढच्या वर्षी कुठे जायचे याचा निर्णय तिथेच होऊन जातो. हे नुकसान त्या तिमाहीच्या अहवालात येत नाही.

कर्जाखाली बागा दबण्याचा हा प्रकार अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. ओहायोतली जिओगा लेक ही एकोणिसाव्या शतकापासूनची बाग सिक्स फ्लॅग्ज या उद्यान-कंपनीच्या ताब्यात गेली, २००४ मध्ये तिची विक्री सीडर फेअर या दुसऱ्या उद्यान-कंपनीला झाली, आणि २००७ च्या हंगामानंतर तिचे पाळणे कायमचे थांबले. खुद्द सिक्स फ्लॅग्जवर २००९ मध्ये कर्जापायी दिवाळखोरीच्या न्यायालयात जाण्याची वेळ आली. बागा विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज अखेर बागांनाच फेडावे लागते.

इमॅजिकाचा पुढचा अध्याय मात्र ‘कंपनी आली आणि मजा गेली’ या तक्रारीच्या उलट जातो. २०२२ मध्ये बँकांनी कर्जाच्या मोठ्या भागावर पाणी सोडले आणि संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. मराठवाड्यात गायछाप जर्द्याची पुडी ठाऊक नसलेला माणूस विरळा. तो याच समूहाचा. पण इथे त्याची दुसरी ओळख कामाची आहे. लोणावळा आणि शिर्डी इथली वेट अँड जॉय ही जलउद्याने आणि शिर्डीचे साईतीर्थ त्याने आधीच चालवून दाखवली होती. साईतीर्थ हे भक्तीवर आधारलेले थीम पार्क आहे आणि बीडच्या कुटुंबाला ते खोपोलीपेक्षा जवळचे वाटते. शिर्डीला दर्शनाला जाणे होतेच, मग मुलांसाठी अर्धा दिवस काढता येतो. म्हणजे इमॅजिकाही एका कंपनीकडून दुसरीकडेच गेली, पण नव्या मालकाला बाग चालवण्याचा अनुभव होता आणि डोक्यावरचे कर्ज कमी झालेले होते. म्हणूनच सगळा दोष ‘कॉर्पोरेट’ या एका शब्दावर टाकला की हिशेब चुकतो.

तरी एक बदल नजरेआड करण्यासारखा नाही. गोराईला यंत्रपाळण्यांची बाग बंद झाली, शेजारचे वॉटर किंगडम चालू राहिले. राज्यात शहरांच्या आसपास ज्या नव्या बागा निघतात त्यांतही घसरगुंड्या आणि लाटांचे तलावच अधिक. कारण सरळ आहे. पाण्याची घसरगुंडी रोलर कोस्टरपेक्षा स्वस्तात उभी राहते, तिला सुटे भाग कमी लागतात आणि उन्हाळ्यात तिला जाहिरातीचीही फारशी गरज नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, बीडच्या गावांत टँकरभोवती घागरींच्या रांगा लागल्या. त्या प्रदेशातल्या मुलांची सहल आज तरणतलावाकडे वळते यात विरोधाभास दिसतो. या तलावांचे पाणी गाळून पुन्हा वापरले जाते, त्यामुळे तो दिसतो तेवढा मोठा नाही. खरा तोटा वेगळ्या जागी आहे. पाण्याच्या घसरगुंडीला गोष्ट नसते. शिर्डीची, लोणावळ्याची आणि गोराईची घसरगुंडी डोळे मिटून ओळखता येणार नाही. सलीमगडासारखा वाडा किंवा राजासॉरसची नदी बांधायला लेखक, चित्रकार, संगीतकार आणि सुतार लागतात, आणि ते बांधून झाल्यावरही दरवर्षी डागडुजीसाठी पैसा लागतो. इमॅजिकाने २०१३ मध्ये जो धोका पत्करला तो कर्जामुळे अंगाशी आला. त्यातून पुढच्या गुंतवणूकदाराने धडा घेतला असेल तर तो घसरगुंडीचाच घेतला असणार.