चैन करणे आणि चैन पडणे

मराठीत 'चैन' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'त्याने आयुष्यभर चैन केली' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात उधळपट्टी असते, ऐट असते आणि बोलणाऱ्याचा थोडा मत्सरही असतो. पण 'मुलगा घरी येईपर्यंत आईला चैन पडत नाही' असे म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ जिवाची स्वस्थता असा होतो. हिंदी-उर्दूची ये-जा असलेल्या घरांत तर हा दुसरा अर्थच आधी आठवतो. चैन आणि सुकून ही तिथे जोडीनेच येणारी नावे आहेत.

या दोन अर्थांत आज फार अंतर पडले आहे. चैन करता यावी म्हणून माणूस जादा काम करतो, कर्ज काढतो, हप्ते फेडतो आणि या धावपळीत त्याची चैन पडण्याची क्षमताच हरवते. मग थकलेल्या जिवाला विसावा हवा म्हणून तो पुन्हा पैसे मोजतो. 'जिवाची मुंबई करणे' हा आपला वाक्प्रचारच पाहा. सुख म्हटले की आपल्याला शहर, गर्दी, रोषणाई आणि खर्च आठवतो. ऐषआराम या जोडशब्दातली ऐष आपण ठेवली आणि आराम मात्र कुठेतरी सांडला. म्हणून खरी चैन कशाला म्हणावे, हा प्रश्न विचारावासा वाटतो. एका लहानशा देशाने त्याचे जे उत्तर शोधले आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

हा देश म्हणजे फिनलंड. युरोपच्या उत्तर टोकाला, वस्ती सुमारे ५६ लाख. जमिनीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आणि लहानमोठी तळी १,८८,०००. हिवाळा लांब आणि अंधारा. या देशात सुमारे ३० लाख सौना आहेत, म्हणजे साधारण दर दोन माणसांमागे एक. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

सौना म्हणजे लाकडाची एक छोटी खोली. आत पायऱ्यांसारखी चढत गेलेली लाकडी बाकडी, कोपऱ्यात चूल आणि चुलीवर दगडांची रास. लाकडे पेटवून दगड तापवायचे. खोलीतली हवा ७० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की आत जाऊन बसायचे. अधूनमधून कुणीतरी बादलीतले पाणी पळीने दगडांवर टाकतो. चर्र आवाज होतो, वाफ उठते आणि अंगावरून फिरून जाते. सोसवेल तेवढे बसावे, मग बाहेर थंड हवेत यावे किंवा समोरच्या तळ्यात उडी घ्यावी. हिवाळ्यात तळे गोठलेले असते, तेव्हा बर्फ फोडून केलेल्या खड्ड्यात उतरणारेही असतात. मग पुन्हा आत. उन्हाळ्यात बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधून ती अंगावर हलकेच मारतात. एवढेच.

दगडांवरून उठणाऱ्या त्या वाफेला फिन्निश भाषेत 'लोयलू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ श्वास किंवा प्राण असा होता. हंगेरियन भाषेत त्याचा दूरचा भाऊबंद असलेला शब्द आजही आत्मा या अर्थाने वापरतात. आपल्याकडेही 'प्राण' आणि श्वास यांची नावे अशीच एकमेकांत मिसळलेली आहेत. जुन्या काळी खेड्यातली बाई बाळंतपणासाठी सौनात जाई, कारण गरम पाणी आणि स्वच्छ, उबदार जागा तिथेच असे. मेलेल्या माणसाला अखेरची अंघोळही तिथेच घालत. जन्म, शनिवारची अंघोळ आणि मृत्यू अशा तिन्ही वेळी माणसाला जवळ करणारी ही खोली. तिथे देवळात वागावे तसे वागावे, आरडाओरडा आणि भांडण करू नये, असे जुनी माणसे लहानांना शिकवीत.

आता यात महाग काय आहे? लाकूड, दगड, पाणी. तरीही ही चैनच आहे, आणि तिचा पहिला गुण असा की तिची ऐट मिरवता येत नाही. जी वस्तू शेजाऱ्याकडेही आहे तिचा तोरा कसा दाखवणार? शहरांतल्या कित्येक निवासी इमारतींत एक सामाईक सौना असतो आणि प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातला आपला तास ठरवून मिळतो. सौना संसदेच्या इमारतीतही आहे. ताम्पेरे शहरात १९०६ साली सुरू झालेला सार्वजनिक सौना आजही चालू आहे. कपडे उतरले की माणसाचा हुद्दाही उतरतो. आपल्याकडच्या संकोचाला हे रुचणार नाही. पण तिथेही अनोळखी स्त्री-पुरुष सहसा वेगवेगळे बसतात आणि घरची माणसे एकत्र. १९५६ पासून १९८२ पर्यंत फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष असलेले उर्हो केक्कोनेन यांनी १९६० साली सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना आपल्या घरच्या सौनात नेले होते. एका बलाढ्य शेजाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बसण्यासाठी त्या लहान देशाला यापेक्षा सोयीची बैठक कुठे मिळाली असती?

दुसरा गुण असा की ही चैन आयती मिळत नाही. फिनलंडमध्ये पाच लाखांहून अधिक उन्हाळी झोपड्या आहेत, बहुतेक तळ्याकाठी किंवा रानात. शहरात सर्व सोयींच्या घरात राहणारा माणूस सुटीत तिथे जातो. कित्येक झोपड्यांत आजही नळ नाही. मग तो स्वतः लाकडे फोडतो, तळ्याचे पाणी वाहून आणतो, चूल पेटवतो आणि वाट पाहतो. धुराड्याशिवायचा जुन्या पद्धतीचा सौना तापायला तर पाच-सहा तास लागतात. आग विझू द्यायची, धूर बाहेर जाऊ द्यायचा, मग काळ्याभोर भिंतींच्या त्या खोलीत शिरायचे. ही वाट पाहणे हासुद्धा विसाव्याचाच भाग आहे. विसावा म्हणजे हात जोडून बसणे, असा आपला समज असतो. पण मन थकते ते कामाने कमी आणि दुसऱ्याच्या घड्याळावर चालण्याने जास्त. लाकूड त्याच्या गतीने जळते. तिथे कुणाचा हुकूम चालत नाही.

मात्र इथे सावध राहिले पाहिजे. साधेपणाचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्यांची पोटे भरलेली असतात त्यांना. याच फिनलंडमध्ये १८६६ ते १८६८ या वर्षांत भीषण दुष्काळ पडला आणि लोकसंख्येचा सुमारे आठ टक्के भाग भूक आणि रोगराईने संपला. पाइन झाडाची आतली साल वाळवून, दळून लोक ती भाकरीच्या पिठात मिसळत. तेच रान, तेच तळे, तीच लाकडी झोपडी. पण त्या माणसांना त्यात चैन दिसली नसणार. जिला वर्षाचे बारा महिने पाणी वाहावे लागते त्या बाईला 'पाणी वाहण्यात किती शांती आहे' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. साधेपणा गोड लागतो तो निवडलेला असेल तर. लादलेल्या साधेपणाचे नाव गरिबी.

मग लादलेल्या साधेपणातून निवडलेल्या साधेपणापर्यंत हा देश कसा पोचला? निसर्गाने काही नवे दिले नाही. फरक माणसांनी केला. १९१७ साली तिथे आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा झाला. १९३९ साली वार्षिक रजेचा स्वतंत्र कायदा आला. आज वर्षभर नोकरी केलेल्या कामगाराला साधारण पाच आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातला मोठा भाग उन्हाळ्यात देण्याची सोय कायद्यातच आहे. तळ्याकाठची ती निवांत संध्याकाळ आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे संप आहेत, कामगार संघटना आहेत आणि संसदेतले वादविवाद आहेत. विसावा हा मनाचा गुण आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला मात्र तो आधी वेळेचा प्रश्न वाटतो, आणि वेळेचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न असतो.

जमिनीबाबतही तेच. फिनलंडमधले बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. तरीही 'प्रत्येकाचा हक्क' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या रिवाजानुसार कुणीही कुणाच्याही रानातून पायी फिरू शकतो, रानबेऱ्या आणि अळंबी गोळा करू शकतो, एखादी रात्र तंबू ठोकू शकतो. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. त्याबरोबर बंधनेही येतात. कुणाच्या अंगणात शिरायचे नाही, उभे पीक तुडवायचे नाही, झाड तोडायचे नाही, मालकाला विचारल्याशिवाय जमिनीवर आग पेटवायची नाही. म्हणजे झाड मालकाचे, पण सावली सगळ्यांची. मालकी आणि उपभोग या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे आपण विसरत चाललो आहोत. ते लोक विसरले नाहीत.

मग फिनलंडला सर्व साधले आहे काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. हेइनोला या गावी १९९९ पासून सौनाची जागतिक स्पर्धा भरत असे. ११० अंश तापमानात, दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर पाणी टाकले जात असताना जो सर्वांत जास्त वेळ बसेल तो विजेता. २०१० च्या अंतिम फेरीत एका रशियन स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि फिन्निश स्पर्धक गंभीर भाजला. त्यानंतर ही स्पर्धा बंद झाली. जिथे हुद्दा काढून ठेवून बसायचे, त्याच खोलीत पहिला-दुसरा नंबर शिरला तेव्हा काय घडले, ते यातून दिसते.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. रानातल्या निळ्या आणि तांबड्या बेऱ्या वेचणे हा तिथल्या कुटुंबांचा आनंदाचा उद्योग. पण बाजारासाठी लागणाऱ्या रानबेऱ्या वेचायला गेली कित्येक वर्षे थायलंडमधून गरीब शेतकरी आणले जात आहेत. 'प्रत्येकाचा हक्क' आहे, म्हणून रान त्यांनाही खुले. परंतु प्रवासाचे कर्ज डोक्यावर, कामाचे तास अमर्याद आणि नोकरदाराचे संरक्षण नाही, अशी त्यांतल्या अनेकांची स्थिती होती. २०२५ साली लॅपलँडच्या जिल्हा न्यायालयाने या व्यवसायातील दोघांना मानवी तस्करीच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. ज्या रानात एकाला चैन पडते त्याच रानात दुसऱ्याची झोप उडालेली असते. न्याहारीच्या टेबलावरच्या बेऱ्यांच्या बाटलीवर ते लिहिलेले नसते.

म्हणून एखाद्या सुखाला चैन म्हणावे की नाही, हे ठरवताना आपण दोन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. हे सुख शेजाऱ्यालाही मिळाले तर माझे कमी होते काय? आणि ते मला मिळावे म्हणून कुणाची चैन हिरावली जाते काय? उंच भिंतीआडचा विश्रामबंगला पहिल्या प्रश्नाशी अडतो. कर्जबाजारी मजुराने वेचलेली बेरी दुसऱ्या प्रश्नाशी अडते. स्वतः फोडलेल्या लाकडावर तापलेला सौना दोन्ही प्रश्नांना सामोरा जाऊ शकतो.

आपल्या उन्हाच्या मुलखात सौना बांधण्याची गरज नाही. इथे अंगण तापायला चूल लागत नाही. पण गावाचा पार, नदीचा घाट, घरापुढचा ओटा या आपल्याही बिनखर्चाच्या चैनीच्या जागा होत्या. त्यांतल्या किती उरल्या, आणि ज्या उरल्या त्यांवर बसायला कुणाकुणाला मोकळीक आहे, याचा हिशेब आपणच करायचा आहे. पूर्वीही ती सर्वांना होती असे नाही, हेही त्या हिशेबात धरावे लागेल.

फिनलंडमधल्या त्या सामाईक सौनाचा नियम साधा आहे. आठवड्यातला आपला तास आपला. तो संपला की बाकडे धुवायचे आणि पुढच्या कुटुंबासाठी दार मोकळे करून बाहेर पडायचे. दगड तेव्हाही गरमच असतात.