उलाळ गाडीचा धर्म

कडोलीच्या शिवारातून बटाट्याची पोती भरून निघालेल्या बैलगाडीत ओझ्याचे दोन दोष संभवतात. ओझे पुढे सरकले तर गाडी धुरजड होते आणि बैलांची मान दबते. ते मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे पाय जमिनीला नीट लागत नाहीत. यावर गाडीवान चाके बदलत बसत नाही, दोन पोती इकडची तिकडे करतो. दोष कोणत्याही एका वस्तूत नसून वस्तूंच्या एकमेकींशी असलेल्या नात्यात आहे, हे त्याला शास्त्राशिवाय कळलेले असते. ज्या मोटारीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले असते, ती जन्मतःच उलाळ. फोक्सवॅगनची बीटल, पोर्शेची ९११, शेवरोलेची कॉर्व्हेअर या तशा गाड्या. अशा पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन काढून त्याहून चांगले बसवावे का? प्रश्न गॅरेजचा दिसतो, पण त्याच्या पोटात एक जुनाच तात्त्विक प्रश्न आहे: जुने जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

आधी यंत्राची साक्ष काढू. ९११ चे साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असते. त्यामुळे पुढची चाके हलकी राहतात, आडवा वारा नाकाला ढकलतो आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी थोडी सरळच जाऊ पाहते. सहज सुचणारा उपाय म्हणजे पुढची पकड वाढवणे. पण एकट्या पुढच्या चाकांची पकड वाढली, की वळणावर मागचा जड भाग आधी सुटतो. पुढची चाके घसरली तर चालकाला ते हातात जाणवते आणि वेग कमी केला की गाडी बहुधा ताळ्यावर येते; मागची घसरली तर ती गर्रकन फिरते. म्हणून रचनाकारांनी अशा गाड्यांचे पुढचे अंग मुद्दाम थोडे दुबळे ठेवले. कॉर्व्हेअरच्या पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा भरायची सूचना होती. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या गाडीवर कोरडे ओढले. त्याआधीच, १९६४ च्या मॉडेलमध्ये, कंपनीने पुढे अँटी-रोल बार आणि मागे आडवी पाटा-स्प्रिंग दिली होती. आपल्याकडे गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या टाटा नॅनोचे इंजिनही मागेच होते. तिचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, तर मागचे १५५. जी उणीव वाटते ती अनेकदा आवर असते. भागाचा गुण त्या भागात शोधून सापडत नाही.

भारतीय विचाराने हा प्रश्न रथापाशीच उभा केला होता. मिलिंदपञ्हात भिक्खू नागसेन राजाला विचारतात, की आख म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते, आणि ‘रथ’ हे भागांच्या आधारे केलेले संबोधन ठरते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, त्यांना खरा वाटतो. पण मग अवयव बदलला की जुना अवयवी संपून नवा उपजला, असे म्हणण्याची पाळी येते. पहिल्या मताने जपण्यासारखे काही उरत नाही आणि दुसऱ्याने एक नट बदलणेही पाप ठरते. बेळगावच्या सीमाभागाला तिसरी, जैनांची वाट परकी नाही. आचार्य शांतिसागर महाराजांचे भोज निपाणीच्या टापूतलेच, आणि बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आजही उभी आहे. जैन दर्शनानुसार उत्पाद (उपजणे), व्यय (लोपणे) आणि ध्रौव्य (टिकणे) या तिन्हींनी मिळून सत् बनते. पर्याय, म्हणजे अवस्था, येतात-जातात आणि द्रव्य टिकते. प्रश्न मग एवढाच उरतो, की या गाडीतले ध्रौव्य कोणते?

याचे उत्तर कारखान्यांच्याच इतिहासात मिळते. बीटलच्या पुढच्या अंगात आधी किंगपिन होत्या, १९६६ च्या मॉडेलपासून बॉल जॉइंट आले, आणि १९७० मध्ये निघालेल्या १३०२ या मॉडेलमध्ये तर टॉर्शन बार जाऊन मॅकफर्सन स्ट्रट आले. १९६३ मध्ये जगापुढे आलेल्या ९११ ने १९८९ च्या ९६४ या पिढीत टॉर्शन बार सोडून कॉइल स्प्रिंग घेतल्या. पण दोन्ही गाड्यांचे इंजिन मागेच राहिले. यावर आक्षेप येईल, की वंश बदलला म्हणून व्यक्तीने बदलावे असे होत नाही. मुलगा शहाणा निघाला म्हणून बापाचे चरित्र नव्याने लिहायचे नसते. आक्षेप रास्त आहे, पण तो ज्या अस्पर्शित व्यक्तीची कल्पना करतो ती मुळात नाही. नियमित चाललेल्या जुन्या गाडीचे रबरी बुश, शॉकअब्सॉर्बर आणि टायर कधीच मूळचे नसतात. यात्रेतल्या रथाचा आख मोडला आणि सुताराने नवा घातला, तर देवाचा रथ बदलला असे कोणी म्हणत नाही. बदल झालाच आहे. वाद फक्त त्याच्या मर्यादेचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जुनी गाडी हा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजातली चूक दुरुस्त केली की तो दस्तऐवज राहत नाही. केंद्र सरकारचे २०२१ चे नियम याच भूमिकेचे आहेत: पन्नास वर्षांहून जुने वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचे तर चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि ते रोजच्या वापरात आणायचे नाही. गंमत अशी, की या यादीत सस्पेन्शनचे नाव नाही. इंजिन आणि चॅसी यांवर क्रमांक कोरलेले असतात, म्हणून कायदा त्यांना ओळखतो. गाडीचे वागणे ज्यावर सर्वाधिक अवलंबून, त्या अंगावर नोंदणीचा क्रमांक नसतो. शिवाय दस्तऐवज दुर्मिळ असेल तर हा आक्षेप पूर्ण लागू पडतो. हात न लागलेली एखादी गाडी उरली असेल तर तिला तशीच ठेवावी. पण २००३ पर्यंत दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल बनल्या. त्यांतली प्रत्येक गाडी ताम्रपट नव्हे. लिंगायत परंपरेने या भागाला स्थावर आणि जंगम हा भेद शिकवला आहे, आणि आपल्या कायद्याच्या भाषेतही वाहन ही जंगम मालमत्ताच. जे चालण्यासाठी घडले त्याला न चालू देता जपणे, हाही एक फेरफारच आहे.

तरीही जंगमत्वाचा दाखला म्हणजे वाटेल ते करायचा परवाना नव्हे. नात्याच्या कसोटीतूनच तीन अटी निघतात. पुढचे अंग सुधारताना मागच्याचा हिशेब आधी मांडावा, नाहीतर सुधारणाच अपघाताचे कारण व्हायची. बदल नट-बोल्टचा असावा, कापून वेल्डिंग केलेला नको, आणि काढलेले भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला आपले मत नाकारता येईल. आणि विकताना बदल सांगावा. गाडीचे सत्य झाकले तर मूळ भागांनीही ती खोटी ठरते. कोणी म्हणेल, अवघड गाडी चालकाला नम्रता शिकवते, ती शिकवण का बुजवायची? चालकापुरते हे खरे आहे. पण निपाणी-संकेश्वरच्या महामार्गावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराने ती शिकवणी लावलेली नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबावी, एवढे त्याचे देणे आहे. ते फेडूनही गाडी उलाळ राहतेच: भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढू नये, हे तिच्या नव्या चालकालाही शिकावे लागते. ते शिकावे लागत असेल तोवर गाडी तीच आहे, फक्त तिच्यातली दोन पोती इकडची तिकडे झाली आहेत.