हार्डिनचा उरलेला निबंध

शिकारबंदीचे कट्टर पुरस्कर्ते असलेले आमचे एक मित्र आहेत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या, म्हणजे गावांनीच राखलेल्या देवरायांचा विषय निघाला की ते गालात हसतात आणि गॅरेट हार्डिनचा १९६८चा निबंध पुढे करतात. गावचं सामाईक कुरण, प्रत्येक गुराख्याला आणखी एक जनावर सोडायचा मोह, शेवटी कुरणाची माती. यंदा एका परिसंवादात त्यांनी जोडीला अलास्कातल्या कुक इनलेट खाडीचे बेलुगा देवमासे आणले. स्थानिकांना मोकळीक दिली, देवमासे संपत आले, बंदी घातली, वाचले! टाळ्याही पडल्या.

यातलं पहिलं अर्धं खरं आहे, आणि देवरायांच्या भक्तांनी (मीही त्यातलाच) ते निमूट ऐकलं पाहिजे. १९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांसाठी कायदा केला, त्यात अलास्कातल्या मूळ रहिवाशांना निर्वाहापुरत्या शिकारीची सूट ठेवली. (त्याच वर्षीच्या आपल्या वन्यजीव कायद्याने फासेपारध्यांना असली सूट दिली नाही. ते भांडण वेगळं.) पण मुक्तुक, म्हणजे चरबीसकट कातडं, या समाजांना आपसात विकायचीही मुभा होती आणि गिऱ्हाईक अँकरेज शहरातच होतं. खाडीचं पाणी हिमनद्यांच्या गाळाने राखाडी, गढूळ. गोळी लागलेला प्राणी बुडाला की हाती लागेलच असं नाही. असे गमावलेले धरून १९९५ ते १९९८ या काळात वर्षाला सरासरी ७७ बेलुगा गेले. मादीला दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू होतं. १९९४मधला ६५३चा अंदाज १९९८मध्ये ३४७वर आला.

सामाईक मालमत्तेचा अभ्यास करणारी एलिनॉर ऑस्ट्रॉम इथे मदतीला येते, पण अर्धीच. सामाईक मालमत्ता टिकते ती वापरणारे कोण हे ठरलेलं असतं आणि ते एकमेकांना आवरतात तिथे, हे तिने दाखवलं. खाडीकाठच्या टायोनेक गावचे डेनाइना लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पण नव्वदीतले बरेच शिकारी अलास्काच्या दुसऱ्या भागांतून अँकरेजला आलेले. त्यांना कुणी आवरायचं? स्वतः हार्डिननेही १९९४ साली दुरुस्ती केली की आपण बोलत होतो ते व्यवस्था नसलेल्या कुरणाबद्दल. आमच्या मित्रांपर्यंत ही दुरुस्ती पोचलेली दिसत नाही. १९९९मध्ये शिकाऱ्यांनी आपणहून हात आवरला, मग अमेरिकी संसदेचा कायदा आला. त्यानंतर २००५पर्यंत मिळून पाच बेलुगा मारले गेले. पुढे एकही नाही.

आणि ते ‘वाचले’? २०१८चा अंदाज २७९चा. २०२२चा ३३१चा, म्हणजे अजूनही १९९८च्या खालीच. २००८ साली त्यांना संकटग्रस्त जाहीर करताना विरोध केला तो शिकाऱ्यांनी नव्हे, तर अलास्काच्या तेव्हाच्या गव्हर्नर सारा पेलिन यांच्या राज्य सरकारने. तेल, वायू आणि बंदराच्या कामांवर बंधनं येतील म्हणून.

हार्डिनच्या त्याच निबंधात कुरणाच्या पुढे प्रदूषणाचा भाग आहे. तिथे तो सांगतो की सामाईक जागेतून काही उचलणं ही एक गोष्ट, आणि तीत काही टाकणं ही तिचीच उलटी बाजू. सांडपाणी, रसायनं, वाफ. अँकरेजचं सांडपाणी खास परवानगीने निव्वळ प्राथमिक प्रक्रिया करून याच खाडीत सोडलं जातं. आवाजाने माग काढणाऱ्या या प्राण्याच्या कानाशी जहाजं आणि बंदराचे खांब ठोकणारी यंत्रं. बेलुगा वाढत का नाहीत हे शास्त्रज्ञांना नक्की ठरवता आलेलं नाही, म्हणून सांडपाण्याला मी फासावर चढवणार नाही. पण गोळी मोजता येते, आवाज मोजून गुन्हेगार ठरवणं अवघड, आणि कायदा मोजता येईल त्याच्याच मागे धावतो. बंदराचं काम होतं ते त्रास देण्याच्या रीतसर परवान्यावर. निरीक्षक बसतो, बेलुगा जवळ आला की काम थांबतं, गेला की ठोकाठोक पुन्हा सुरू. टायोनेकला असा परवाना नाही. पाच वर्षांची सरासरी ३५०च्या खाली असेल तोवर एकही बेलुगा मारायचा नाही, असा २००८चा नियम आहे.

आमच्या मित्रांनी पुढच्या परिसंवादात हार्डिनचा प्रदूषणाचा भाग वाचावा. अध्यक्षस्थानी एखादा बंदर अधिकारी असला तर उत्तमच. टाळ्या किती पडतात ते मला ऐकायचं आहे.