‘मी इथेच थांबतो’ म्हणण्याचा हक्क

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झाले, त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या ‘हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर’ या खेळाचा तो हिंदी अवतार. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या तरुणाने एक कोटी रुपये जिंकले आणि स्पर्धापरीक्षांचा अभ्यास चालणाऱ्या घरांत या खेळाला एकदम प्रतिष्ठा आली. पुढे २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले, २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’. या सगळ्या काळात त्याविषयी दोन मते कायम राहिली. एका मतानुसार हा ज्ञानाचा सन्मान आहे. दुसऱ्या मतानुसार हा ज्ञानाचा मुलामा दिलेला जुगार आहे. दोन्ही मते बरोबर उत्तराकडे आणि त्याच्यापुढे लिहिलेल्या रकमेकडे बघतात. मला या खेळाचे मर्म तिसऱ्याच ठिकाणी दिसते. आपल्याला किती माहीत नाही याचा नेमका अंदाज घेणे आणि त्या अंदाजावर निर्णय घेणे, ही या खेळातली खरी कसोटी आहे. जिथे ‘मला माहीत नाही, मी इथेच थांबतो’ असे चारचौघांत म्हणता येते, त्या म्हणण्याला रोख किंमत मिळते आणि वर टाळ्याही पडतात, अशा जागा आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोड्या आहेत. ही त्यांपैकी एक आहे.

त्यासाठी खेळाची शिडी नीट पाहावी लागते. पहिल्या पर्वात पंधरा प्रश्न होते. हजार रुपयांपासून चढत पाचव्या प्रश्नाला दहा हजार, दहाव्याला तीन लाख वीस हजार आणि पंधराव्याला एक कोटी. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे दोन पडाव. उत्तर चुकले तर स्पर्धक मागच्या पडावावर घसरतो. मात्र उत्तर देण्याआधी तो कधीही खेळ सोडू शकतो आणि तोवर जिंकलेली सगळी रक्कम घेऊन जाऊ शकतो. प्रश्न आणि चारही पर्याय वाचल्यानंतर सोडण्याची मुभा आहे, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. त्यामुळे प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न उभे राहतात. एक पडद्यावरचा, दुसरा मनातला: माझी खात्री किती? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पायरीप्रमाणे बदलते. दहावा प्रश्न सुटला की अकराव्याला चुकूनही काही जात नाही, कारण पायाखाली पडाव आहे. तिथे काहीच सुचत नसले तरी उत्तर ठोकून द्यावे. चौदाव्या प्रश्नानंतर हातात पन्नास लाख असतात आणि चुकले तर तीन लाख वीस हजार उरतात. तिथे निव्वळ गणिताने खेळायचे तर साधारण अठ्ठेचाळीस टक्क्यांहून अधिक खात्री हवी. म्हणजे दोन चुकीचे पर्याय वगळणारी ‘फिफ्टी-फिफ्टी’ वापरून दोन पर्याय उरले आणि त्या दोघांत काहीच कळत नसले, तरी कागदावरचे गणित ‘खेळ’ असेच सांगते. प्रत्यक्षात बहुतेक शहाणी माणसे तिथे थांबतात, आणि ती चुकतात असे मला वाटत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांचे उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवावे. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे त्यांना महिन्याला पंधराशे रुपये मिळत. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २०१९ च्या पर्वात, शिडी सात कोटींपर्यंत वाढलेली असताना, त्या एक कोटीपर्यंत पोहोचल्या आणि सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. त्या वेळचे गणित मांडून पाहावे. उत्तराचा काहीही सुगावा नाही असे धरले तर चारांतला एक पर्याय बरोबर निघण्याची शक्यता पंचवीस टक्के. बरोबर आले तर सात कोटी, चुकले तर तीन लाख वीस हजार. सरासरी काढली तर हा आंधळा डाव पावणेदोन कोटींहून जास्त किमतीचा ठरतो, हातातल्या कोटीपेक्षा कितीतरी जास्त. सरासरीलाच शहाणपण मानणारा माणूस म्हणेल की डोळे मिटून बोट ठेवायला हवे होते. पण पंधराशे रुपयांच्या हिशेबाने एक कोटी म्हणजे साडेपाचशे वर्षांचा पगार, आणि तीन लाख वीस हजार म्हणजे जेमतेम अठरा वर्षांचा. हा डाव हजार वेळा खेळता आला असता तर सरासरीला अर्थ होता. आयुष्यात तो एकदाच खेळायचा होता. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच हे मांडून ठेवले आहे: रुपयाची उपयुक्तता ज्याच्या त्याच्या शिल्लकीवर ठरते, म्हणून एकच डाव श्रीमंताला शहाणपणाचा आणि गरिबाला आत्मघाताचा ठरू शकतो. ताडे यांच्या थांबण्यात भित्रेपणा शोधणाऱ्याला पैसा म्हणजे काय हे कळलेले नाही. तो त्या संध्याकाळचा सर्वांत अचूक निर्णय होता, आणि कोणतेही सामान्यज्ञानाचे पुस्तक पाठ करून तो घेता येण्यासारखा नव्हता.

प्रेक्षक या खेळात नेमके काय पाहतात, याचा पुरावा अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९५६ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘ट्वेंटी-वन’ हा प्रश्नमंजूषेचा खेळ सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठातला देखणा अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन आठवड्यामागून आठवडा जिंकत गेला, एक लाख एकोणतीस हजार डॉलर मिळवून घराघरात पोहोचला. पुढे उघड झाले की प्रश्न आणि उत्तरे त्याला आधीच दिली जात होती. त्याच्याआधीचा विजेता हर्ब स्टेम्पेल याला तर, स्वतःला नीट ठाऊक असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकवायला सांगितले होते. व्हॅन डोरेनने नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध कायदाच झाला. एका करमणुकीच्या कार्यक्रमासाठी एवढा संताप का उसळावा? त्याने सांगितलेली उत्तरे तर खरीच होती, माहितीत काडीची भेसळ नव्हती. खोटे होते ते अडखळणे. स्पर्धकासाठीच्या काचेच्या खोलीत ओठ चावणे, कपाळ टिपणे, ‘हा प्रश्न नंतर घेतो’ म्हणणे, हा सगळा अभिनय होता. प्रेक्षकांना विकले गेले ते बनावट अज्ञान, आणि तेच त्यांना सहन झाले नाही. ज्ञान पाहायचे असते तर लोकांनी विश्वकोशच उघडला असता. समोरच्या माणसाला खरोखर माहीत नाही आणि तो आपल्या देखत त्या न-माहितीशी झुंजतो आहे, हा विश्वास तुटल्यावर खेळात पाहण्यासारखे काही उरत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे वळतो. चार पर्यायांत मावते ते ज्ञान नव्हे, ते ज्ञानाचे फुटाणे, असा हा आक्षेप आहे, आणि तो बराचसा खरा आहे. त्र्यंबकेश्वरचेच पाहा. या गावावर प्रश्न काढणे अगदी सोपे आहे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी नदी कोणती? निवृत्तिनाथांची समाधी कोठे आहे? ३० एप्रिल १८७० रोजी इथे कोणाचा जन्म झाला? तिसऱ्याचे उत्तर दादासाहेब फाळके. पण यापुढचा प्रश्न घेतला की पर्यायांची चौकट कुरकुरू लागते. भारताचा पहिला कथापट कोणता? ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये प्रदर्शित झालेला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हे शाळकरी उत्तर. त्याच्या वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण हा चित्रपट मानायचा की नाही, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. हा वाद समजून घेणे म्हणजे चित्रपट म्हणजे काय हे समजून घेणे. प्रश्नकर्ता मात्र असला प्रश्न टाळतो, कारण त्याला वादातीत उत्तर हवे असते. तसेच गोदावरी कुठे उगम पावते हे विचारता येते. तिचे पात्र उगमाच्या गावातच बऱ्याच ठिकाणी काँक्रीटखाली का झाकले गेले, हे विचारता येत नाही. वाद, कारणे आणि जबाबदारी यांना चार पर्यायांत जागा नाही. जो माणूस या खेळाला ज्ञानाचे मंदिर म्हणतो त्याच्याशी म्हणूनच माझे जमत नाही.

पण हा आक्षेप खेळ जे शिकवतो असा दावा करतो त्याला लागू पडतो. खेळ जे प्रत्यक्ष घडवतो ते त्यातून निसटते. त्र्यंबकचाच आणखी एक प्रश्न घेतो: ‘त्र्यंबकेश्वरचे आजचे मंदिर कोणी बांधले?’ पर्यायांत अहिल्याबाई होळकर आणि नानासाहेब पेशवे ही दोन्ही नावे ठेवा. काशी, सोमनाथ, घृष्णेश्वर अशा ठिकठिकाणच्या देवळांशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले असल्यामुळे बरीच माणसे तिकडे वळतील असा माझा कयास आहे. बरोबर उत्तर नानासाहेब पेशवे. आता स्पर्धकाकडे प्रेक्षकांचा कौल शिल्लक आहे असे समजा. अडल्यावर मदत मागण्याच्या या सोयीची, म्हणजे या जीवनरेषेची, ख्याती मोठी आहे. जेम्स सुरोविकी याने २००४ च्या ‘द विझ्डम ऑफ क्राउड्स’ या पुस्तकात अमेरिकन खेळाचे आकडे दिले आहेत: फोनवरचे जाणकार मित्र पासष्ट टक्के वेळा बरोबर, प्रेक्षागारातली अनोळखी गर्दी एक्याण्णव टक्के वेळा. यामागे जादू नाही. ज्यांना माहीत नसते ते चारही पर्यायांत विखुरतात, त्यांच्या चुका एकमेकींना खोडतात आणि जाणणाऱ्या थोड्यांची मते वर तरंगतात. हे जमते ते चुका विखुरलेल्या असतील तोवरच. मंदिराच्या प्रश्नात चूक विखुरलेली नसते, ती सगळ्यांची सारखीच असते. तिथे गर्दी मोठ्या आत्मविश्वासाने खड्ड्यात नेईल. म्हणजे कौल घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी, हा प्रश्न लोकांना ठाऊक नसण्याच्या जातीचा की चुकीचा ठाऊक असण्याच्या जातीचा, हे ओळखावे लागते. पेशव्यांचे नाव क्षुल्लक माहिती असेल. हे ओळखण्याची शक्ती क्षुल्लक नाही. अफवा कोणत्या, प्रघात कोणते आणि पुरावा कोणता हे वेगळे करण्याची तीच शक्ती आहे.

दुसरा आक्षेप मराठी दूरचित्रवाणीच्या अनुभवातून येतो. आपल्याकडचा सर्वांत दीर्घायुषी खेळ ‘होम मिनिस्टर’. झी मराठीवर २००४ ते २०२४ अशी वीस वर्षे आदेश बांदेकर ‘भावोजी’ म्हणून घरोघरी गेले, वहिनींशी बोलले, चार सोपे खेळ घेतले आणि पैठणी देऊन आले. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’ या पर्वात अकरा लाखांची पैठणी ठेवली होती. तिथे ज्ञान लागत नव्हते, थांबण्याचा प्रश्नही नव्हता. मग लोकांना माणूस हवा असतो, नियम दुय्यम असतात, असे का म्हणू नये? ‘होम मिनिस्टर’पुरते हे मला मान्य आहे आणि त्यात कमीपणा वाटत नाही. जिला घरात कोणी दोन प्रश्न विचारत नाही त्या बाईला सगळ्या घरादेखत बोलते करणे, हे त्या कार्यक्रमाचे काम होते आणि खेळ त्याचे निमित्त. करोडपतीतही माणसाची कहाणी लागते. निर्माते ती हेरून, चित्रफीत काढून, संगीत लावून दाखवतात, कधीकधी गरिबीचे प्रदर्शन वाटावे इतकी. पण ती कहाणी खुर्चीत बसेपर्यंतची. खुर्चीत बसल्यावर त्या माणसावर जे ओझे येते ते नियमातून येते. थांबण्याचा पर्याय काढून टाका आणि प्रत्येकाला शेवटपर्यंत उत्तर द्यायला लावा: तीच माणसे, त्याच कहाण्या, तोच सूत्रधार राहील, पण उरेल ती एक तोंडी परीक्षा.

आणि परीक्षेचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुलांना आपण याच्या उलटे काय शिकवतो तेही पाहावे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून शिकवणीतला पहिला धडा, एकही प्रश्न कोरा सोडू नका. माहीत असलेले आणि ठोकून दिलेले उत्तर तिथे गुणपत्रिकेत सारखेच दिसते. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात. तिथे कोरे सोडण्याला थोडा अर्थ येतो, तरी चाराऐवजी दोन पर्याय उरले की ‘मारून बघ’ हाच सल्ला, आणि गणिताने तो बरोबरही असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात टोनी गार्डनर-मेडविन यांनी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी निराळी पद्धत रुजवली. विद्यार्थी उत्तरासोबत आपली खात्री एक, दोन किंवा तीन अशी नोंदवतो. बरोबर आले तर तितके गुण. चुकले तर खात्री एकची असताना शून्य, दोनची असताना उणे दोन, तीनची असताना उणे सहा. इथे खोट्या आत्मविश्वासाला जबर दंड आहे आणि प्रामाणिक शंकेला संरक्षण. औषधाच्या मात्रेविषयी खात्री नसताना खात्रीने बोलणारा डॉक्टर किती महागात पडतो, हे ध्यानात घेतले की उणे सहा कठोर वाटत नाही.

ही पद्धत आपल्या शाळांत जशीच्या तशी उचलून आणण्यात एक खरा धोका आहे. खात्री नोंदवणे हे स्वभावाचेही काम असते. चुकल्यावर गुण कापणाऱ्या परीक्षांत मुली, त्यांना तितकेच येत असताना, मुलांपेक्षा अधिक प्रश्न कोरे सोडतात असे अभ्यासांत आढळले आहे. घरात आणि वर्गात ज्यांना सतत गप्प बसवले गेले, त्यांची शंका अज्ञानातून आलेली नसते. त्यांना ‘थांबणे हा शहाणपणा’ एवढेच शिकवले तर अन्याय दुप्पट होईल. म्हणून ही मोजणी प्रवेशपरीक्षेत आणण्याआधी रोजच्या वर्गात, गुणपत्रिकेत न जाणाऱ्या सरावात आणायला हवी, जिथे आपली खात्री आणि आपली अचूकता यांतले अंतर मुलाला स्वतःचे स्वतः दिसेल: एकाला कळेल की आपण फार बोलतो, दुसरीला कळेल की जिथे आपण एक लिहिले तिथे तीन लिहायला हरकत नव्हती. शाळांत होणाऱ्या प्रश्नमंजूषांपासून याची सुरुवात करता येईल. त्यांत आज घंटी आधी वाजवणारा जिंकतो. त्याऐवजी उत्तरासोबत एक, दोन, तीनची पाटी वर करायला लावली, तर लागणारा खर्च तीन पुठ्ठ्यांचा आहे.