दुखावलेली श्रद्धा आणि न्यायासन

उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्याला आव्हान मिळालं आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या अधिसूचना कायम ठेवल्या. त्या वादात मोबाइलवर काय काय फिरलं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. न्यायालयाने मात्र भावना कोणाच्या मोठ्या हे न मोजता अधिसूचना कायद्यात बसतात का, एवढंच पाहिलं. निकाल आवडो न आवडो, न्यायालयाचं काम तेवढंच असतं.

ते काम किती अवघड झालं आहे, हे अमरावतीच्या भूषण गवईंनी अनुभवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश असताना खजुराहोच्या जवारी मंदिरातली भग्न विष्णुमूर्ती पुन्हा घडवावी, अशी याचिका आली. विषय पुरातत्त्व खात्याचा म्हणून ती फेटाळताना, देवालाच साकडं घाला, अशा अर्थाचं ते बोलून गेले. मला ते बोलणं अनावश्यक वाटतं. न्याय मागायला आलेल्या भाविकाला कायद्यातलं उत्तर पुरेसं होतं. समाजमाध्यमांवर टीकेचा भडका उडाला, आपण सर्व धर्मांचा आदर करतो, असं गवईंना भर न्यायालयात सांगावं लागलं. टीका करणाऱ्यांचा तो हक्कच होता, तिखट शब्दांसकट. पण ६ ऑक्टोबरला एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. हे बोलणं नव्हे. गवईंनी विचलित न होता कामकाज पुढे चालवलं. उद्या एखाद्या तालुक्याच्या न्यायाधीशाच्या मनात निकाल लिहिताना त्या बुटाची भीती आली, तर? न्यायाधीशाची स्वतःची भक्ती निकालात उतरण्याइतकंच जमावाच्या भक्तीचं भय उतरणंही घातक आहे.

उलट बाजूही आपण पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. धर्माचा संबंध नसताना सुरुवातीला कलम लागलं ते धार्मिक भावना दुखावल्याचं! सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. चर्चा करणं, बाजू मांडणं आणि चिथावणी देणं यांतला फरक त्या निकालात स्पष्ट केला आहे.

दुखावल्यावर काय करावं, हे आपल्याच मातीतल्या एका कथेत आहे. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची कथा सांगतात. नामदेव दुखावले, पण कोणाकडे शिक्षा मागायला गेले नाहीत. विसोबा खेचरांकडे शिकायला गेले.

आपण मात्र अजून शिक्षाच मागतो. ६६अ रद्द झाल्यावरही देशभर त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले; २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला. धार्मिक भावना दुखावण्याचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. त्यात हेतू ‘जाणूनबुजून आणि दुष्ट’ असावा लागतो. तुळजापूर असो, कळंब असो की उमरगा, कोणाचं तरी मोबाइलवरचं स्टेटस दाखवायला शंभर माणसं ठाण्यात आली की अंमलदाराने गर्दी मोजण्याआधी हे शब्द वाचावेत, आणि वरिष्ठांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं.