दुरुस्ती की ढवळाढवळ?

तोंडाच्या कर्करोगात जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढावा लागला, तर डॉक्टर ती जागा रुग्णाच्याच शरीरातून भरून काढतात. मनगटालगतची त्वचा रक्तवाहिन्यांसह उचलून जीभ घडवतात. नडगीशेजारच्या बारीक हाडाचा जबडा करतात. या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने मानेतील रक्तवाहिन्यांशी जोडतात. हीच फ्लॅप शस्त्रक्रिया. अशा वेळी घरातील वडीलधारे विचारतात: रोग काढला, ते योग्यच, पण नवा अवयव घडवणे ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ नव्हे काय?

हा प्रश्न ईमानातून येतो, म्हणून त्याची हेटाळणी नको. निर्मितीत फेरफार करणे ही सैतानाची चिथावणी असल्याचे सूरह अन-निसाच्या आयत ११९ मध्ये आलेच आहे. परंतु फेरफार वेगळा आणि दुरुस्ती वेगळी. अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे.

विचार करा. पुरुषांना सोने निषिद्ध असूनही ही मुभा मिळाली. कृत्रिम नाकाविना माणूस जगू शकतो. तरीही 'सब्र करा' एवढेच सांगून त्यांना परत पाठवले गेले नाही. मग ज्याला घास गिळता येत नाही, त्याला आपण केवळ सब्र कसा सांगावा? सब्र उपचाराच्या सोबतीला असतो, त्याच्या जागी नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर उच्चार अस्पष्ट होतात आणि 'माझी तिलावत आता चालेल का?' या शंकेने काही जण मशिदीत येणे सोडतात. त्यांना सांगा, अल्लाह कुणावरही कुवतीबाहेरचा भार टाकत नाही. जेवढे उच्चार साधतील, तेवढ्यांवर नमाज होते. हातावरील जखमेला पाणी अपायकारक असेल, तर पट्टीवर मसह करून वुजू होतो.

शरीअतने त्यांची वाट मोकळी ठेवली आहे. ती आपल्या नजरा अडवतात. असा बंधू मशिदीत आला, तर त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका. सलाम करा, त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबा आणि सफमध्ये आपल्या शेजारी जागा द्या.