आधी ओळख, मग मोल

डहाणूजवळच्या चारोटीच्या जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत पांढरे, मधाळ स्फटिक वाढतात. नाक्यावर एका तरुणाने तसाच एक खडा माझ्या हातावर ठेवला. "सर, हा पेनाइट ना? मोबाइलवर लाखोंचा भाव सांगतात." पेनाइट म्हणजे म्यानमारच्या मोगोक भागातलं दुर्मीळ बोरेट, बोरॉन असलेलं खनिज. मी लोखंडी खिळ्याने कडेला ओरखडलं, चरा सहज उमटला; आम्लाचा थेंब टाकला, फेस आला. खडा कॅल्साइटचा होता. पेनाइटची कठिणता दहापैकी आठच्या आसपास, त्यावर खिळ्याचं काही चालत नाही.

मुळात बेसाल्टमध्ये बोरॉन नगण्य. ते साठतं गरम झऱ्यांच्या काठी, लडाखच्या पुगा खोऱ्यात टाकणखार (बोरॅक्स) मिळतो तसं. किंवा ग्रॅनाइटच्या उष्णतेने चुनखडक भाजून निघाला तिथे. म्हणून खडा कुठला, हे मी आधी विचारतो.

जाणकारही फसतात. श्रीलंकेतले काही तपकिरी खडे कित्येक वर्षं पेरिडॉट या रत्नाच्या नावाने खपले. १९५२ मध्ये ते मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं बोरेट असल्याचं ठरलं आणि त्या खनिजाला सिन्हलाइट हे नाव मिळालं. पेरिडॉटची घनता ३.३४ च्या आसपास, सिन्हलाइटची ३.४८; खडा दोऱ्याला टांगून पाण्यात तोलला तरी हा फरक हाती लागतो. इतकी साधी, इतकी निर्णायक परीक्षा मला फार आवडते.

पेनाइटचं वर्णन १९५७ साली प्रसिद्ध झालं, पण त्यातलं झिर्कोनियम १९७६ मध्ये उलगडलं. कित्येक दशकं जगात त्याचे दोन-तीनच स्फटिक माहीत होते. पुढे २००५ च्या सुमारास मोगोकमध्ये मूळ साठे सापडले आणि तुकडे हजारोंनी निघाले. त्यातले बहुतेक काळपट, चिरांनी भरलेले. पैलू पाडण्याजोगा नितळ खडा अजूनही विरळाच, आणि खरी किंमत त्यालाच. नुसत्या नावाला भाव नसतो.

खडा कुठला, याची नोंद मात्र मोलाची. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले कॅव्हनसाइट या खनिजाचे निळे गुच्छ जगभरच्या संग्रहांत आहेत, गावाच्या नावासकट. डहाणू-तलासरीतल्या खाणकामगारांनी आणि शिक्षकांनीही स्फटिक दिसताच खाण, खोली, सोबतचा दगड आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. क्रशरमध्ये खडी झाल्यावर ही माहिती कुणालाच परत मिळवता येत नाही.